बीपीटीआय कसं वाचावं: आधी पडद्यावर, मग नळीत

प्रोटीएज म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, आणि त्याला अडवतो तो रोधक. प्रोटीएज रोधक म्हटलं की विद्यार्थी वहीत एन्झाइमचा उघडा जबडा काढतात आणि त्यात बूच कोंबतात. मीही बरीच वर्षं फळ्यावर हेच काढलं. चित्र अगदीच चूक नाही, पण त्यात खरा प्रश्न निसटतो. ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम, आणि त्याचा रोधक बीपीटीआय हाही प्रथिनच. मग हे बूच कापलं कसं जात नाही? बरं, ट्रिप्सिनला लायसिन आणि आर्जिनिननंतरचा बंध कापायची खोड, आणि हा रोधक नेमका एक लायसिनच त्याच्या तोंडात देतो. म्हणजे हा लपून बसणारा नव्हे, समोर जाऊन बसणारा.

याचं उत्तर पाठ करण्यापेक्षा पाहून घेतलेलं बरं. त्यासाठी दोन फायली आणि सात नळ्या लागतात. प्रयोगशाळा हाताशी नसेल तर फायलींवर थांबा, तरी अर्ध्याहून जास्त काम होतं.

आपलं प्रथिन आहे बीपीटीआय, म्हणजे गाईच्या स्वादुपिंडातला ट्रिप्सिन रोधक. औषध म्हणून त्याचंच नाव ॲप्रोटिनिन. कुनिट्झ आणि नॉर्थरॉप यांनी १९३६ मध्ये त्याचे स्फटिक मिळवले. अमिनो आम्लं फक्त ५८, वजन साधारण ६,५०० डाल्टन. इतकं लहान, इतकं टणक आणि इतकं सहज मिळणारं प्रथिन दुसरं नसल्यामुळे संरचनेच्या अभ्यासातली कितीतरी पहिली पावलं यानेच चालून दाखवली. १९७७ मध्ये मॅकॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी संगणकात पहिल्यांदा एखाद्या प्रथिनाची हालचाल चालवून पाहिली, ती याच प्रथिनाची, जेमतेम ९ पिकोसेकंदांची. २०१० मध्ये याच प्रथिनाची तशीच हालचाल एक मिलिसेकंदापर्यंत पोचली. ३३ वर्षांत दहा कोटी पटींहून जास्त.

पहिली फाइल: एकटा रोधक

प्रोटीन डेटा बँकेतून ४पीटीआय ही फाइल उतरवून घ्या (शोधताना अक्षरं इंग्रजीत टाका). स्फटिकावरून दीड अँगस्ट्रॉमपर्यंतच्या बारकाईने काढलेली ही संरचना आहे (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). ५पीटीआय त्याहून बारीक, एक अँगस्ट्रॉमची, आणि त्यात न्यूट्रॉनची मापंही आहेत. पण हायड्रोजन आणि ड्युटेरियमच्या ठिपक्यांनी चित्र इतकं गजबजतं की नवख्याचा जीव घाबरा होतो. ते नंतर बघा. फाइल बघायला पायमॉल, कायमेरा किंवा ब्राउझरमध्ये चालणारं मोल-स्टार, कोणतंही सॉफ्टवेअर चालेल.

फाइल उघडली की लगेच फिती, म्हणजे साखळीची वळणं दाखवणारं चित्र, काढायचा मोह होतो. थांबा. आधी पृष्ठभाग काढून आकार बघा. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता, लांबी साधारण ३० अँगस्ट्रॉम. आता १५ क्रमांकाचं लायसिन लाल करा. ते बरोब्बर निमुळत्या टोकावर, शेपूट बाहेर काढून उभं असेल. रोधकाचं काम कुठे होतं हे इथेच कळलं.

मग पृष्ठभाग काढून टाका, फिती आणा आणि सिस्टीनं पिवळी करा. सहा आहेत, म्हणजे दोन-दोन सिस्टीनांना गंधकाने जोडणारे तीन डायसल्फाइड बंध: ५–५५, १४–३८, ३०–५१. या तीन जोड्या मी विद्यार्थ्यांकडून घोकून घेते. बाकी काही घोकायची गरज नाही. ५–५५ हा साखळीची दोन्ही टोकं रुंद बाजूला एकत्र बांधतो. ३०–५१ पोटातून जातो आणि शेवटाकडचं अल्फा मळसूत्र बीटा पट्ट्यांना शिवून टाकतो. १४–३८ मात्र वर, लायसिन १५ च्या अगदी शेजारी. पहिल्या दोन टाक्यांनी घर उभं राहतं, तिसऱ्याने टोक आवळलं जातं.

फितींमध्ये फार काही नाही: सुरुवातीला एक छोटासा पिळा, मध्ये १८ ते ३५ च्या दरम्यान दोन पट्ट्यांची पिळलेली बीटा हेअरपिन, शेवटी ४७ ते ५६ चं मळसूत्र. संपलं. एका कागदावर हाताने काढून बघा, पाच मिनिटांत जमतं.

आता एक गोष्ट जी बहुतेकजण बघतच नाहीत. पाण्याचे रेणू दाखवा आणि त्यातले प्रथिनाच्या आत कोंडलेले शोधा. चार सापडतील. तीन एका घोळक्यात, निमुळत्या टोकाच्या वळणांना आतून टेकू देत असलेले, चौथा वेगळा. हे पाणी सहज चिकटलेलं नाही, ते बांधकामातलंच आहे. ५८ अमिनो आम्लांच्या प्रथिनाला स्वतःचा मोठा गाभा असा नसतोच, त्यामुळे भरावाला पाणीही कामी येतं. हे दिसलं की उदासीन द्रावणात बीपीटीआय जवळपास उकळत्या पाण्याच्या तापमानापर्यंत उलगडत का नाही, याचं नवल जरा कमी होतं.

दुसरी फाइल: जबड्यात

२पीटीसी उतरवा. इथे पहिली ठेच लागते. ए आणि बी साखळ्या शोधू नका, त्या नाहीत. एन्झाइमची साखळी ई, इनहिबिटरची (रोधकाची) आय. मी पहिल्यांदा ही फाइल उघडली तेव्हा साखळी ए निवडून, पडदा कोरा बघून, फाइल बिघडली म्हणून तीनदा पुन्हा उतरवली होती.

दुसरी ठेच क्रमांकांची. ट्रिप्सिनची अमिनो आम्लं २२३, पण क्रमांक १६ पासून सुरू होतात आणि मध्ये उड्या मारतात, कारण ते कायमोट्रिप्सिन या त्याच्याच कुळातल्या एन्झाइमच्या क्रमांकांशी जुळवलेले आहेत. त्याचा फायदा असा की या कुळातल्या कुठल्याही एन्झाइममध्ये कापणारं सेरीन १९५, हिस्टिडिन ५७ आणि ॲस्पार्टेट १०२ हेच राहतात. हे तिघे आणि खिशाच्या (लायसिन किंवा आर्जिनिनची शेपूट जिथे शिरते त्या खळग्याच्या) तळाचं ॲस्पार्टेट १८९, एवढे चार ठळक करा.

आता रोधकाचं लायसिन १५ दाखवा. ते सरळ खिशात उतरलेलं दिसेल. इथे मी मुद्दाम विचारते: लायसिनचा धन प्रभार आणि ॲस्पार्टेट १८९ चा ऋण प्रभार एकमेकांना भिडतात का? सगळे हो म्हणतात. अंतर मोजायला लावलं की गप्प होतात. लायसिनची शेपूट तळापर्यंत पोचत नाही. मध्ये पाण्याचा रेणू निरोप्याचं काम करतो, आणि शेजारचं सेरीन १९० हातभार लावतं. आर्जिनिन असतं तर ते लांबीने पुरलं असतं. पुस्तकातलं चित्र आणि प्रत्यक्ष अणू यांत एवढा फरक असतो, म्हणून मापपट्टी वापरायची सवय लावून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं माप पुढचं. सेरीन १९५ चा ऑक्सिजन आणि लायसिन १५ च्या कार्बोनिलचा कार्बन यांच्यातलं अंतर मोजा. २.७ अँगस्ट्रॉमच्या आसपास येईल. नुसते शेजारी असलेले दोन अणू एकमेकांपासून सव्वातीनच्या आसपास राहतात. बंध झाला असता तर दीडच्याही आत आलं असतं. म्हणजे शेजाऱ्यांपेक्षा जवळ, पण जोडलेले नाहीत. सुरी मानेला टेकली आहे, पण चाललेली नाही. त्याच कार्बोनिलचा ऑक्सिजन ग्लायसिन १९३ आणि सेरीन १९५ च्या एन-एच गटांकडे वळलेला दिसेल. कापताना तो जिथे जाऊन बसतो तीच ही जागा. प्रोलिन १३ चा कार्बोनिल ग्लायसिन २१६ शी हायड्रोजन बंध करतो, अस्सल सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्याला कापतं तो रेणू) करतो तसाच. एकूण काय, रोधकाने सब्स्ट्रेटचा वेष घेतला आहे असं म्हणण्यापेक्षा तो सब्स्ट्रेटच आहे असं म्हणणं जास्त खरं. फक्त त्याला कापण्याचं काम पुरं होत नाही.

का होत नाही, ते इथेच पडद्यावर दिसतं. ११ ते १९ चं वळण बघा. साधा पेप्टाइड या जागी येतो तेव्हा तो लवचिक असतो; बंध तुटला की दुसरा तुकडा भुर्रकन निघून जातो, त्या जागी पाणी येतं आणि काम तमाम. इथे लायसिन १५ आणि ॲलनिन १६ मधला बंध समजा तुटलाच, तरी ॲलनिनची बाजू जाणार कुठे? एकीकडे १४–३८ चा टाका, दुसरीकडे बीटा पट्टीची सुरुवात, खाली कोंडलेलं पाणी. तुटलेलं टोक जागच्या जागी उभं राहतं, पाण्याला वाट मिळत नाही, आणि तोच बंध पुन्हा जुळतो. लॅस्कोव्स्की यांच्या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा बीपीटीआयपुरती नाही. सेरीन प्रोटीएजच्या, म्हणजे ट्रिप्सिनसारख्या सेरीनने कापणाऱ्या एन्झाइमांच्या, रोधकांची किती तरी कुळं, एकमेकांशी आकाराचं काही साम्य नसताना, हाच डाव खेळतात. सगळ्यांत समान काय, तर ते एक ताठ वळण.

एक शंका राहते: ही घट्ट पकड सेरीनच्या अर्ध्यामुर्ध्या बंधामुळे तर नाही? ती शंका अनहायड्रोट्रिप्सिनने मिटवली. त्यात सेरीन १९५ मधून पाणी काढून टाकलेलं असतं, म्हणजे सुरीचं पातंच नाही. तरीही बीपीटीआय त्याला तसंच घट्ट धरतं. पकड आकाराची आहे, रसायनाची नव्हे.

पकड आकड्यांत

ट्रिप्सिन आणि बीपीटीआयचा विघटन स्थिरांक (जितका लहान तितकी पकड घट्ट) सुमारे ६×१०⁻¹⁴ मोलर. नुसता आकडा वाचून काही कळत नाही, म्हणून फोडून बघू. जुळण्याचा वेग साधारण १.१×१०⁶ प्रति मोलर प्रति सेकंद. ठीक आहे, यात अचाट काही नाही. सुटण्याचा वेग ६.६×१०⁻⁸ प्रति सेकंद. ०.६९३ ला याने भागा: एक कोटी सेकंदांच्या वर, म्हणजे चार महिने. आज तयार केलेल्या जोड्यांपैकी निम्म्या सुटायला चार महिने लागतात. जुळणं सामान्य, सुटणं जवळपास नाहीच. हा भेद डोक्यात पक्का ठेवा, कारण नळीत सगळा गोंधळ यातूनच होतो. निदान माझा झाला.

नळीत

मापायचं असतं ते उरलेलं ट्रिप्सिन. त्यासाठी बॅपना नावाचा सब्स्ट्रेट: ट्रिप्सिनने तो तोडला की पिवळं पी-नायट्रोॲनिलिन सुटतं, ते ४०५ नॅनोमीटरला वाचायचं. बॅपना पाण्यात नीट विरघळत नाही. आधी डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवा, मग कोमट बफरमध्ये हळूहळू ढवळत मिसळा. गढूळ झालं तर टाकून द्या, गाळून वापरू नका; गाळल्यावर नेमकं किती उरलं हे सांगता येत नाही.

ट्रिप्सिनचं मूळ द्रावण १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, थोडं कॅल्शियम क्लोराइड घालून, बर्फावर. हे सोवळं पाळाच. पीएच ८ च्या बफरमध्ये ठेवलेलं ट्रिप्सिन स्वतःलाच कापत बसतं आणि संध्याकाळपर्यंत तुमचा आकडा आणि नळीतलं वास्तव यांची फारकत होते.

बीपीटीआयमध्ये ट्रिप्टोफॅन एकही नाही, टायरोसिनं चार. त्यामुळे २८० नॅनोमीटरला ते फिकं दिसतं. सौम्य द्रावणाची तीव्रता तिथे मोजू नका. दाट द्रावण मोजा आणि मग पातळ करा. ते चांगलंच आम्लारिधर्मी प्रथिन असल्याने, पातळ झालं की काचेला चिकटतं. बफरमध्ये ट्रायटन या साबणासारख्या द्रव्याचा एखादा थेंब घातला तर हा चोरटेपणा थांबतो.

वजनाचं गणित तोंडी करता येतं. ट्रिप्सिन २३,३०० डाल्टन, रोधक ६,५००. एकास एक जुळतात, म्हणून १ मिलिग्रॅम ट्रिप्सिनला ०.२८ मिलिग्रॅम रोधक पुरतो.

सात नळ्या घ्या. पीएच ८ चा ट्रिस बफर, प्रत्येकीत ट्रिप्सिन १०० नॅनोमोलर. रोधक अनुक्रमे ०, २०, ४०, ६०, ८०, १०० आणि १२० नॅनोमोलर. मिसळा, थांबा, मग बॅपना घाला आणि मिनिटाला शोषण किती वाढतं ते टिपा. उभ्या अक्षावर वेग, आडव्या अक्षावर रोधक. रेघ सरळ उतरत शून्याला टेकते. जिथे टेकली तेवढं तुमचं जिवंत ट्रिप्सिन. ८० वर टेकली तर बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, वीस टक्के ट्रिप्सिन मेलेलं आहे.

आता "थांबा" म्हणजे किती, यावर माझी फजिती ऐका. विद्यार्थिनी असताना मी ही मालिका पहिल्यांदा केली, तेव्हा मिसळून मिनिटभर थांबले. रेघ खालच्या बाजूला सुंदर वळली. मी त्या वळणावर समीकरण बसवलं, २ नॅनोमोलर असा स्थिरांक काढला आणि आलेख रंगवून मार्गदर्शकांकडे घेऊन गेले. त्यांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "शंभरच्या नळीत शेवटचे दोन रेणू एकमेकांना कधी भेटले असतील?"

हिशेब असा. दोघेही १०० नॅनोमोलर असले की सुरुवातीला गाठीभेटी भराभर होतात. पण जसजसे दोघेही संपत येतात तसतसं उरलेल्यांना एकमेकांना शोधणं अवघड होतं. एकास एक प्रमाणात मोकळा उरलेला हिस्सा = १ भागिले (१ + वेग × तीव्रता × वेळ). वेग गुणिले तीव्रता ०.११ प्रति सेकंद. साठ सेकंदांनी १ भागिले ७.६, म्हणजे १३ टक्के ट्रिप्सिन अजून मोकळंच. ९९ टक्के जुळायला ९०० सेकंद लागतात, पंधरा मिनिटं. माझं ते सुंदर वळण म्हणजे रोधकाची पकड नव्हतीच, माझी घाई होती. आणि काढलेला स्थिरांक खऱ्यापेक्षा तीस हजार पटींहून जास्त ढिला.

तर पंधरा मिनिटं थांबा, वीस थांबलात तर उत्तम. त्यानंतर बॅपना घातल्यावर ते रोधकाला हुसकावून लावेल ही भीती नको; चार महिन्यांपुढे दहा मिनिटांचं वाचन म्हणजे काहीच नाही. आणि हेही लक्षात घ्या की १०० नॅनोमोलरच्या नळ्यांतून ६×१०⁻¹⁴ हा स्थिरांक कितीही थांबलात तरी निघणार नाही. तीव्रता स्थिरांकाच्या लाखो पट असताना रेघ सरळच येणार. ही मालिका मोजदादीची आहे, पकड मापायची नाही.

काही सूचना, ज्या कुठे नीट लिहिलेल्या सापडत नाहीत. द्रावणात डीटीटीसारखं क्षपणक (डायसल्फाइड बंध उसवणारं रसायन) असेल तर १४–३८ चा टाका सहज उसवतो, कारण तो वर उघड्यावर आहे. आतले दोन दाद देत नाहीत. पेशी फोडताना प्रोटीएज रोखायला ॲप्रोटिनिन घालत असाल तर ते फक्त सेरीन प्रोटीएजपैकी काहींना आवरतं. पपेन किंवा पेप्सिन या वेगळ्या प्रकारच्या प्रोटीएजना त्याच्याशी काही देणंघेणं नाही. आणि नावावर जाऊ नका: गाईमध्ये हे प्रथिन मास्ट पेशींमध्ये असतं, आणि औषधासाठी ते फुप्फुसांतून काढलं जाई. स्वादुपिंडाच्या स्रावात ट्रिप्सिनवर पहारा ठेवण्याचं काम वेगळ्याच, कझाल कुळातल्या रोधकाचं. माणसात तो ५६ अमिनो आम्लांचा आहे. ॲप्रोटिनिन हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी करायला वापरत, कारण ते रक्तातल्या प्लाझ्मिन आणि कॅलिक्रीन या एन्झाइमांनाही धरतं. सुरक्षिततेच्या शंकेवरून २००७ मध्ये त्याची विक्री थांबली, आणि युरोपात २०१२ मध्ये मर्यादित वापरासाठी ती बंदी उठवण्याची शिफारस झाली.

ट्रिप्सिनची रेघ सरळ आली की तीच मालिका कायमोट्रिप्सिनवर करा. तिथे पकड बरीच ढिली, स्थिरांक सुमारे ९ नॅनोमोलर, कारण कायमोट्रिप्सिनच्या खिशाला लायसिन मानवत नाही. त्याला फिनिलॲलनिन, टायरोसिन हवं. सब्स्ट्रेट बदलावा लागेल, शेवटी फिनिलॲलनिन असलेला नायट्रोॲनिलाइड घ्या, आणि उतार पहिल्या काही सेकंदांतच टिपा: एक तर सब्स्ट्रेट भराभर संपतो, आणि इथे रोधक मिनिटांच्या हिशेबात सुटतही असतो. एकास एकच्या नळीत सुमारे चौथा हिस्सा कायमोट्रिप्सिन मोकळं दिसेल आणि रेघ वळेल. या वेळी वळण खरं असेल. पण खात्री करूनच घ्या: अर्धा तास थांबून वाचा, मग दुसरी नळी तासभर ठेवून वाचा. बिंदू जागचा हलला नाही, तरच त्यावर समीकरण बसवा.